चंद्राचा नकाशा आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



अशा समारंभाला वक्ता बोलावला म्हणजे त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु यंत्रमागावर पाळी करून, घरी विड्या वळून, हातगाडी लावून मिळवलेल्या पैशातून जे मुलांची फी भरतात, त्यांना शिक्षणाचे महत्त्व मी काय सांगणार? ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणून तो विषय मी सोडून देतो. आज मी एक नकाशा कसा वाचावा एवढेच सांगणार आहे. हा नकाशा चंद्राचा आहे. तो विकत घ्यावा लागत नाही, त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. घरात इंटरनेट असलेला एक मोबाईल असेल, तर आज रात्रीच तो उघडता येईल.

चंद्राशी आपले नाते जुने आहे. एकोणतिसाव्या दिवशी मगरिबच्या सुमारास आपण गच्चीवर जातो, पश्चिमेकडे नजर लावतो आणि कोर दिसली की एकमेकांना मुबारकबाद देतो. आपला महिना चंद्रावर चालतो. अशा बारा महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होते, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. हा हिशेब घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. पण कोर दिसली की आपण खाली उतरतो आणि शिरखुर्म्याच्या तयारीला लागतो. चंद्रावर काय आहे, हे पाहायला कोणी थांबत नाही.

आपल्या आज्या-नान्या मात्र पाहत होत्या. चंद्रावर एक बुढिया चरखा कातत बसली आहे, असे त्या सांगत. शेजारच्या घरात तोच डाग ससा असे, आणखी कोठे हरीण असे. कातणारी बुढिया आपल्या सोलापूरला शोभतेही, कारण आपले गाव सुताचे आणि कापडाचे. पण ते डाग खरोखर काय आहेत, हा प्रश्न एक हजार वर्षांपूर्वी एका माणसाने गंभीरपणे विचारला होता. त्याचे नाव इब्न अल-हैसम. बसरा येथे जन्मलेला आणि कैरोत राहिलेला हा विद्वान प्रकाशशास्त्राचा मोठा आचार्य मानला जातो. चंद्राच्या चेहऱ्यावर दिसणाऱ्या खुणांचे स्वरूप काय, या एकाच विषयावर त्याने स्वतंत्र प्रबंध लिहिला. त्याच्याजवळ दुर्बीण नव्हती. दुर्बिणीतून चंद्र पाहण्याचे युग सुमारे सहाशे वर्षांनी, १६०९ मध्ये आले. त्याच्याजवळ डोळे होते आणि विचारलेला प्रश्न न सोडण्याची सवय होती.

आज त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. ते काळसर डाग म्हणजे बेसॉल्ट नावाच्या खडकाची अफाट मैदाने आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी चंद्राच्या पोटातून लाव्हा वर आला, सखल भागात पसरला आणि थिजला. जुन्या लोकांना ते समुद्र वाटले, म्हणून नकाशावर त्यांची नावे अजूनही ‘प्रशांतीचा सागर’, ‘संकटांचा सागर’ अशी आहेत. पाण्याचा समुद्र तेथे एकही नाही.

आता आपल्या पायाखाली पाहा. सोलापूरची जमीन कशाची आहे? आपल्याकडे विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तोही बेसॉल्टच. दख्खनच्या पठाराचा मोठा भाग त्याच जातीच्या थिजलेल्या लाव्ह्याचा आहे आणि आपली काळी माती त्याच्याच झिजेतून तयार झाली आहे. म्हणजे चंद्रावरचा डाग आणि सोलापूरचा खडक एकाच घराण्यातले आहेत.

हे घराणे आणखी एका ठिकाणी दिसते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. आकाशातून आलेला एक पाषाण तेथे आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा पडला. तो खड्डा बेसॉल्टमध्ये पडलेला आहे. असे उदाहरण पृथ्वीवर फार दुर्मीळ आहे, म्हणून चंद्रावरचे खड्डे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात. चंद्रावर असे खड्डे लाखोंनी आहेत. पृथ्वीवर पाऊस, वारा आणि नद्या खड्डे बुजवून टाकतात. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, म्हणून तेथे पडलेली खूण कोट्यवधी वर्षे टिकते. चंद्राचा नकाशा म्हणजे न पुसलेली पाटी होय.

हा नकाशा तयार कसा झाला, ते सोलापूरकराला समजावणे सोपे आहे. जकार्ड चादरीवर मोर किंवा फूल विणायचे असते, तेव्हा डिझाइन काढणारा आधी चौकटीच्या कागदावर ते मांडतो. कोणत्या चौकटीत कोणता रंग, हे ठरते आणि मग ताणा-बाणा त्याप्रमाणे चालतो. चौकट जितकी बारीक, तितका मोर रेखीव. चंद्राच्या छायाचित्राचेही असेच आहे. छायाचित्र लहान लहान चौकटींचे बनलेले असते आणि प्रत्येक चौकट चंद्रावरचा ठरावीक तुकडा दाखवते.

अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने १८ जून २००९ रोजी एक यान चंद्राकडे पाठवले. लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे त्याचे नाव. चंद्राभोवती फिरत त्याने वर्षानुवर्षे छायाचित्रे घेतली. त्याच्या एका कॅमेऱ्याची चौकट सुमारे १०० मीटरची आहे. त्या मापाने आपले पार्क मैदान तीन-चार चौकटींत संपेल. दुसऱ्या कॅमेऱ्याची चौकट सुमारे अर्ध्या मीटरची आहे. त्यात सायकलसुद्धा तीन-चार चौकटी व्यापील. याच यानावर लेसरचे एक उपकरण आहे. ते जमिनीवर प्रकाशाचे ठोके मारते, ते परत यायला किती वेळ लागला हे मोजते आणि त्यावरून जमिनीची उंची काढते. अशी अब्जावधी मोजमापे जमा झाली. छायाचित्रे आणि उंची एकत्र मांडून अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाने ‘क्विकमॅप’ नावाचा नकाशा इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवला.

आपला देश यात मागे नाही. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ निघाले. त्यावरील भारतीय कॅमेऱ्याची चौकट ५ मीटरची होती. त्याच यानावरील अमेरिकी उपकरणाच्या नोंदींवरून चंद्राच्या मातीत पाण्याचे रेणू असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. २०१९ मध्ये गेलेल्या चांद्रयान-२ च्या कक्षायानावर तर २५ सेंटिमीटर चौकटीचा कॅमेरा आहे. ‘इस्रो’नेही आपल्या चांद्रमोहिमांची माहिती ‘प्रदान’ या संकेतस्थळावर नाव नोंदवणाऱ्यास खुली केली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता प्रत्यक्ष नकाशाकडे वळू. क्विकमॅप उघडल्यावर समोर चंद्राचा राखाडी पृष्ठभाग दिसेल. बोटाने सरकवा, दोन बोटांनी मोठा करा. कोपऱ्यात अक्षांश-रेखांशाचे आकडे दिसतील. ते म्हणजे चंद्रावर टाकलेला ताणा-बाणाच. उभा धागा आणि आडवा धागा जेथे छेदतात, तेथे तुमचे बोट आहे.

पहिला पाठ असा करा. उत्तर १६ अंश आणि पूर्व ७२ अंश येथे जा. उजव्या कडेजवळ, संकटांच्या सागराच्या पलीकडे तुम्हाला एक खड्डा दिसेल. त्याची रुंदी सुमारे ३३ किलोमीटर आहे. रोमन लिपीत त्याचे नाव लिहिलेले असेल: अल्हाझेन. हाच आपला इब्न अल-हैसम. युरोपातील लोकांनी त्याच्या नावाचा लॅटिन उच्चार असा केला. चंद्राच्या डागांवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाचे नाव चंद्रावरच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून कोर पाहताना नकाशा उजवीकडे पाव फेरा फिरवून धरावा लागतो. म्हणजे नकाशाची वरची बाजू उजवीकडे जाते आणि उजवी बाजू खाली, मावळलेल्या सूर्याकडे येते. कोरीचा उजळलेला भाग तोच. ईदच्या अगदी पहिल्या बारीक कोरीत अल्हाझेन बहुधा अंधारात असतो. दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी त्याच्यावर ऊन पडलेले असते. नुसत्या डोळ्यांना तो खड्डा दिसणार नाही, पण तो कोठे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. पुढच्या ईदला कोर पाहून लगेच खाली उतरू नका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा गच्चीवर जा.

दुसरा पाठ. नकाशाच्या मध्याजवळ या. येथे अल्बतेग्नियस नावाचा सुमारे १३० किलोमीटर रुंद खड्डा आहे. हा अल-बत्तानी, वर्षाची लांबी मिनिटांपर्यंत मोजणारा. थोडे खाली अर्झाकेल आहे. हा तोलेदोचा अल-झरकाली, वेधयंत्रे बनवणारा. अल्फ्रागानुस म्हणजे अल-फरगानी. नसीरेद्दीन म्हणजे मराघ्याची वेधशाळा उभारणारा नसीरुद्दीन तुसी. डाव्या कडेला समरकंदचा उलुघ बेग आहे. तो राजा होता, पण चंद्रावर त्याला जागा मिळाली ती १४३७ च्या तारायादीमुळे. अल-बिरुनीचा खड्डा पलीकडच्या, आपल्याला सहसा न दिसणाऱ्या बाजूला, अगदी कडेवर आहे. हा विद्वान भारतात आला, संस्कृत शिकला, आपल्या देशावर मोठा ग्रंथ लिहिला आणि एका टेकडीवरून क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. याच नकाशावर आर्यभट आहे, चंद्रशेखर वेंकट रामन आहेत, विक्रम साराभाई आहेत आणि पलीकडच्या बाजूला मुंबईचे होमी भाभा आहेत.

यातली बरीच जुनी नावे कोणी दिली? जिओव्हानी रिच्चिओली नावाच्या इटलीतील एका ख्रिस्ती धर्मगुरूने, १६५१ मध्ये. बगदादच्या आणि तोलेदोच्या मुसलमान विद्वानांची नावे त्याने आपल्या नकाशावर लिहिली, कारण त्यांच्या मोजमापांचा त्याला उपयोग झाला होता. धर्म त्याचा वेगळा, देश वेगळा, भाषा वेगळी. इल्मच्या दरबारात काम पाहिले जाते.

ही नावे ऐकून आपली छाती फुगते आणि फुगावीही. पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपल्या सभांमधून पूर्वजांची नावे घेऊन टाळ्या मिळवण्याची प्रथा पडली आहे. अल-बत्तानीने रात्र रात्र जागून आकडे लिहिले, म्हणून त्याचे नाव तेथे आहे. त्याच्या नावाने टाळी वाजवणाऱ्याचे नाव कोठेही लिहिले जात नाही. मुलाने घरी जाऊन नकाशा उघडला आणि वहीत एक आकडा लिहिला, तरच या टाळीला अर्थ आहे.

कोणी म्हणेल, आमच्या मुलाने मोबाईलवर चंद्र पाहून काय होणार? त्याला आपल्याच देशातले उत्तर देतो. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ हे अवतरक यान उतरता उतरता संपर्काबाहेर गेले. त्याचे नेमके काय झाले, हे कळत नव्हते. नासाने त्या भागाची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली. चेन्नईचा षण्मुग सुब्रमण्यन हा अभियंता कोणत्याही अवकाशसंस्थेत नोकरीला नव्हता. त्याने आधीचे छायाचित्र आणि नंतरचे छायाचित्र संगणकावर शेजारी शेजारी ठेवले आणि ठिपक्यामागून ठिपका ताडून पाहिला. आधी नसलेला एक ठिपका त्याला सापडला. त्याने नासाला कळवले. तेथील शास्त्रज्ञांनी तपास केला आणि २ डिसेंबर २०१९ रोजी तो अवशेष विक्रमचाच असल्याचे जाहीर करून शोधाचे श्रेय त्याला दिले. ती छायाचित्रे जगातल्या कोणालाही उघडता येत होती. चिकाटीने शेवटपर्यंत पाहणारा मात्र हा एक निघाला.

पुढची गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी चांद्रयान-३ दक्षिण ६९ अंशांच्या पुढे सुखरूप उतरले. ते उतरण्यापूर्वी जागा निवडताना चांद्रयान-२ च्या कक्षायानाने काढलेली बारीक छायाचित्रे कामी आली. कोठे दगड आहेत, कोठे उतार आहे, हे आधी नकाशावर पाहिले गेले. पहिले यान पडले, पण वर फिरत राहिलेल्या त्याच्या सोबत्याने काढलेल्या नकाशाने दुसऱ्या यानाला जागा दाखवली. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला रागावण्यापूर्वी आईवडिलांनी ही गोष्ट आठवावी.

तिसरा पाठ गणिताचा आहे. खड्ड्याच्या कडेची सावली आत पडलेली दिसते. सावलीची लांबी आणि सूर्याचा कोन ठाऊक असला, की कडेची उंची काढता येते. हे आधी शाळेच्या मैदानावर करा. एक काठी उभी रोवा. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली काठीएवढीच असते. सूर्य १० अंशांपर्यंत उतरला, की ती उंचीच्या साडेपाच पटीहून थोडी अधिक होते. दहावीच्या पुस्तकातली त्रिकोणमिती ती हीच. ज्या मुलांना ‘टॅन थीटा’ कशासाठी शिकायचा हे कळत नाही, त्यांना हे उत्तर द्या. चंद्राच्या दक्षिण भागात टायको नावाचा, सुमारे ८५ किलोमीटर रुंद खड्डा आहे. सोलापूरहून पंढरपूरला जाण्याच्या अंतरापेक्षा तो रुंद आहे. नकाशातील मोजपट्टीने तो स्वतः मोजा आणि मी सांगितलेला आकडा बरोबर आहे का, ते पाहा. वक्त्याच्या शब्दावर विसंबू नका.

आता पालकांना दोन शब्द. मुले मोबाईलमध्ये बिघडतात, ही तक्रार घरोघरी आहे आणि ती खरी आहे. एका बोटाने सरकणाऱ्या चित्रांत तास निघून जातो आणि हाती काही लागत नाही. पण मोबाईल हिसकावून घेतला म्हणजे मूल अभ्यासाला बसते, असा अनुभव कोणाचाच नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. अर्धा तास पुरे. अब्बा, अम्मी, मुले, सारे एकत्र बसा. एक खड्डा निवडा. त्याचे नाव, रुंदी, अक्षांश-रेखांश आणि तेथे काय दिसले, हे चार रकाने वहीत भरा. वही हवीच. वहीत न उतरलेले पाहणे दुसऱ्या दिवशी विसरले जाते. नावे इंग्रजी वर्तुळातली आहेत म्हणून घाबरू नका. घरात दखनी बोलणारे, शाळेत मराठी किंवा उर्दू शिकणारे आपले मूल ती अक्षरे लावून वाचील, तेव्हा त्याचे इंग्रजीही सुधारेल.

दुसरा शब्द मुलींविषयी. पुष्कळ घरांत मोबाईल एकच असतो आणि तो मुलाच्या हाती असतो. मुलीने मागितला तर “तुला कशाला हवा?” असे विचारले जाते. दहावीनंतर तिचे शिक्षण थांबवण्याचा विचारही याच प्रश्नातून निघतो. चंद्राचा नकाशा घरातल्या चार भिंतींत बसून वाचता येतो, तिला कोठे पाठवावे लागत नाही, मग या अभ्यासाला तरी नाही का म्हणावे? चंद्रावरच्या नावांची आंतरराष्ट्रीय यादी १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली, ती तयार करणाऱ्यांत इंग्लंडची मेरी ब्लॅग ही बाई होती. इतरांनी गोंधळून ठेवलेली शेकडो नावे तिने वर्षानुवर्षे ताडून पाहिली. आज तिच्या नावाचाही एक लहानसा खड्डा चंद्रावर आहे. तुमच्या मुलीच्या हाती वही आणि मोबाईल द्या. बारीक काम नजर न चुकता करण्याची सवय आपल्या घरातल्या बायकांना विडीच्या सुपाने आणि शिलाईच्या सुईने आधीच लावलेली आहे. त्या सवयीला आता शाळेची जोड द्या.

शिक्षक बंधू-भगिनींनाही विनंती आहे. ज्या घरी इंटरनेट नाही, तेथील मुलांसाठी शाळेतला संगणक आठवड्यातून एक तास मोकळा ठेवा. चंद्राचा एक मोठा छापील नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावा. मूल जो खड्डा मोजील, त्याच्यावर त्याने पेन्सिलीने खूण करावी. वर्षअखेर तो नकाशा खुणांनी भरलेला दिसला, तर पुढच्या स्मरणिकेत त्याचेच छायाचित्र छापावे, असे मी अध्यक्षमहोदयांना सुचवतो.

चंद्राचा विस्तार आपल्या भारताच्या साडेअकरा पट आहे. एवढ्या जमिनीची चित्रे काढून झाली आहेत, पण ती सारी बारकाईने पाहून झालेली नाहीत. पाहणाऱ्या डोळ्यांना तेथे अजून काम आहे. ते डोळे सोलापूरच्या एखाद्या गल्लीतले असायला कोणाची हरकत नाही.